नॅव्हिगेशनला मराठीत काय म्हणायचं? (विमानाच्या)

पायलट वाट कशी शोधतात यावर एक लेख मराठीत आणतेय. नॅव्हिगेशनला दिक्चालन, मार्गनिर्देशन, नौकानयन असे तीन शब्द सापडले, त्यात दिक्चालन कुणी बोलताना ऐकलेलं नाही आणि नौकानयन म्हटलं की धरणातली बोट आठवते. पण खरी गोची हेडिंग आणि ट्रॅकची. दोन्हीला "दिशा" लिहिलं आणि वाक्य झालं, "विमानाची दिशा पश्चिम होती पण दिशा नैऋत्य होती." हसू नका.

————

नौकानयनवर एवढं रागावू नका हो. नॅव्हिगेशन आलं लॅटिन नाविसवरून, म्हणजे जहाज, आणि आपला नौ त्याचा सख्खा चुलतभाऊ. जीपीएसचे सिग्नल विमानांसाठी सुधारून देणाऱ्या भारतीय यंत्रणेचं नाव गगन, पण इस्रोच्या स्वतःच्या उपग्रहांच्या यंत्रणेचं नाव परत नाविकच! होडी काही सुटत नाही.

————

हेडिंग म्हणजे नाक. ट्रॅक म्हणजे जमिनीवरून खरोखर कापली जाणारी वाट. नावाडी नदी ओलांडताना समोरचा घाट गाठायचा तर होडीचं नाक वरच्या अंगाला धरतो ना, तेच. आडवा वारा ताशी ३० किलोमीटरचा असेल आणि पायलटने नाक तसंच धरून ठेवलं तर तासाभरात विमान ३० किलोमीटर बाजूला. आपल्यात नाकासमोर चालणाऱ्या माणसाचं कौतुक, पण नाकासमोर उडणारं विमान भलतीकडेच पोचतं. १९८३ मध्ये कोरियन एअर लाइन्सचं ००७ असंच गेलं, ऑटोपायलट ठरलेल्या मार्गाऐवजी हेडिंग धरून राहिला, विमान सरकत सरकत सोव्हिएत हद्दीत शिरलं, तिथे पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. त्यामुळे प्लीज दोन्हीला दिशा लिहू नका.

————

डेड रेकनिंगला "अंदाजपंचे" चालेल का? 😀

————

अजिबात नको, तो हिशेब असतो. होकायंत्र, घड्याळ, वेग आणि वाऱ्याचा अंदाज, एवढ्यावर आत्ता आपण कुठे असू ते काढायचं. अमेरिकन वैमानिक लिंडबर्ग १९२७ मध्ये साडेतेहतीस तास एकटा उडत न्यूयॉर्कहून पॅरिसला पोचला तो याच हिशेबावर, सोबत रेडिओसुद्धा नव्हता. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं तेही रेडिओशिवायच. मी तर "हिशेबी वाट" लिहीन, कुणाला आवडो न आवडो.

————

थोडं अवांतर, पण मराठीला फुकटात मिळालेला श्लेष आहे. १९२१ पासून कैरो-बगदाद टपाल नेणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांसाठी वाळवंटात नांगरून लांबच लांब रेघ पाडली होती, वरून ती बघत बघत उडायचं. नांगराच्या त्या रेघेला आमच्याकडे तास म्हणतात. म्हणजे पायलट तासन् तास तासावरून उडत होते. इंग्रजीत जमणार नाही हे.

————

भारीच! मग रेडिओ रेंजचंही (रेडिओच्या आवाजावरून वाट दाखवणारी जुनी यंत्रणा) काहीतरी बघा की. त्यात एका बाजूला मोर्समधला ए ऐकू यायचा, दुसऱ्या बाजूला एन, आणि बरोबर मधोमध असलात तर दोन्ही मिसळून सलग सूर. पायलट अक्षरशः कानाने वाट धरायचे. नंतर व्हीओआर आलं, म्हणजे जमिनीवरून रेडिओने दिशा दाखवणारं केंद्र, त्याच्यापासून चहूकडे ३६० रेडियल, म्हणजे दिशांच्या रेषा, निघतात. रेडियलला सरळ "आरा" म्हणावं असं माझं मत, बैलगाडीच्या चाकाचा असतो तो. लॅटिन रेडियसचा एक अर्थ चाकाचा आराच आहे, त्यामुळे ओढूनताणून काही करावं लागत नाही.

————

आरा घेतला. हिशेबी वाटही घेतली, कंसात मूळ शब्द न देता, बघू संपादक काय म्हणतात. नॅव्हिगेशन मात्र नॅव्हिगेशनच ठेवतेय, पायलट तेच बोलतात. आणि ते वाक्य आता असं झालंय: "विमानाचं नाक पश्चिमेला होतं, पण उत्तरेच्या वाऱ्याने वाट नैऋत्येला चालली होती."