आजीच्या नावावरचा फ्लॅट तारण ठेवून मुलीला एमएसला पाठवावं का?

कर्वेनगरवाला
मुलगी मेकॅनिकल इंजिनीअर, चाकणला दोन वर्षं नोकरी झाली. अमेरिकेतलं एक विद्यापीठ आणि जर्मनीतलं श्टुटगार्ट, दोन्हीकडून प्रवेशाची पत्रं आली आहेत. तिचा ओढा अमेरिकेकडे. त्याला ४० लाखांचं कर्ज लागेल आणि सरकारी बँक साडेसात लाखांच्या वर तारण मागते. तारण म्हणजे माझ्या आईच्या नावावरचा फ्लॅट, आम्ही राहतो तोच. माझं मत, ठेवू नये. घरात एकटा पडलोय, म्हणून इथे विचारतोय.

पेठेतला तिरका
फ्लॅट काय वर घेऊन जायचाय? अमेरिकेत डिग्रीनंतर एक वर्ष आणि स्टेमवाल्यांना (विज्ञान, इंजिनीअरिंग वगैरे) आणखी दोन, अशी तीन वर्षं ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच, काम करता येतं. माझ्या भाच्याने चार वर्षांत सगळं कर्ज फेडलं. बापाने पोरीच्या वाटेत आडवं पडू नये.

कोथरूडची काकू
भाचा कुठल्या साली गेला तेही सांगा की! आमच्या घरी हे कर्ज चालू आहे, म्हणून आकडे पाठ आहेत. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. साडेदहा टक्क्यांनी ४० लाखांवर महिना ३५,०००. दोन वर्षं शिक्षण, वर सहा महिने, म्हणजे साडेदहा लाख नुसतं व्याज. मग साडेपन्नास लाखांचा दहा वर्षांचा हप्ता ६८,०००. पोरगी परत आली तर चाकणच्या पगारातून हे भरायचं? त्यात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, आणि आता एक लाख डॉलर फी.

पेठेतला तिरका
काकू, दोन दुरुस्त्या. बँक सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देत नाही, सेमिस्टरगणिक सोडते. आणि ती फी अमेरिकेत शिकून तिथेच व्हिसा बदलणाऱ्याला लागत नाही, असं अमेरिकेच्याच इमिग्रेशन खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलंय.

कोथरूडची काकू
बरं, व्याज दोन-तीन लाखांनी कमी धरा. फ्लॅट सुटला का त्याने? आणि लॉटरी राहिलीच.

आखेनकर
मी जर्मनीत आहे. आधी ‘जर्मनी फुकट’ हे डोक्यातून काढा. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. शिवाय ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. पण ते पैसे आपलेच, महिन्याला ९९२ असे परत हातात येतात. तरीही सगळं मिळून अमेरिकेपेक्षा बरंच स्वस्त पडतं. मी गेलो तेव्हा पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीने सरकारी जर्मन विद्यापीठांचं नावच काढलं नव्हतं, सारखं खाजगी कॉलेजचं ब्रोशर पुढे सरकवायचे. कमिशन कुठून येतं ते नंतर कळलं. व्हिसासाठी एपीएसचा, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा, दाखला लागतो, तो अर्ज आजच टाका.

पेठेतला तिरका
आणि नोकरी? तिथल्या मोटार कंपन्या सध्या माणसं कमी करतायत. मेकॅनिकलवालीने नेमकं तिथेच जायचं?

आखेनकर
खरंय, आणि बी-टू पातळीचं, म्हणजे कामापुरतं चांगलं, जर्मन येत नसेल तर आणखी अवघड. मला साठ-सत्तर अर्जांनंतर मिळाली. पण शोधायला दीड वर्ष मिळतं, आणि तेवढ्या काळात पुण्यातल्या घरावर टाच येत नाही.

कोथरूडची काकू
कर्वेनगरवाले, एक विचारू का? फ्लॅट आजींचा. त्यांना कुणी विचारलं?

कर्वेनगरवाला
विचारलं. चष्मा लावून म्हणाली, सही कुठे करायची ते दाखव. नातीने आता रानडे इन्स्टिट्यूटच्या जर्मन वर्गाची चौकशी केलीय, पण अमेरिकेच्या पत्राला नाही म्हणालेली नाही. डिपॉझिट भरायला पंधरा दिवस आहेत.