शिबिराच्या फलकावर काय लिहायचं: दद्रू, टिनिया की गजकर्ण?

तळकोकणी मास्तर
मंडळी, कुडाळपासून थोडं आत आमची वाडी. पुढच्या महिन्यात इथे त्वचारोग तपासणीचं शिबीर आहे. फलक लिहायचं काम माझ्याकडे आलंय, कारण मी निवृत्त शिक्षक आणि गावात अक्षर माझंच बरं असा एक समज आहे. आयोजकांपैकी एकाने मजकूर पाठवला: 'दद्रू, पामा, विचर्चिका, किटिभ, श्वित्र इत्यादी त्वचाविकारांची मोफत तपासणी'. शेजारच्या काकीला वाचून दाखवला, तर म्हणते, "ही कोणाची नावां? देवळात नवे देव हाडल्यानी काय?"

दुसऱ्याचा मजकूर आला त्यात टिनिया, स्केबीज, एक्झिमा, सोरायसिस, व्हिटिलिगो.

माझं मत, दोन्ही कागद चुलीत घाला. गजकर्ण, खरूज, इसब, कोड, नागीण, चिखल्या, चामखीळ, वांग, चाई, केसतूड, नखुरडं, करट, घामोळं. एवढा ऐवज घरात असताना उसनवारी कशाला? आणि हे अडाणी शब्द नव्हेत. 'एक्झिमा' हा ग्रीक शब्द, मूळ अर्थ उकळून वर येणं, उतू जाणं. आपल्याकडे बिब्बा लागून अंग फुललं तर काय म्हणतात? बिब्बा उतला. दुधाच्या टोपावरून जे ग्रीकाला सुचलं तेच आपल्या आजीला सुचलं. 'हर्पीस'चं मूळ सरपटण्यात आणि 'झोस्टर' म्हणजे कंबरपट्टा, म्हणजे आपली नागीणच की! 'लायकेन प्लेनस' नावाचा एक त्वचारोग आहे, त्यातलं लायकेन म्हणजे आपल्या मसाल्यातलं दगडफूल. ग्रीकाने दगडफूल म्हटलं की शास्त्र आणि आजीने नागीण म्हटलं की अंधश्रद्धा, हा न्याय मला कळत नाही.

मिऱ्याबंदरचा चामडीवाला
मास्तर, व्युत्पत्ती झकास. पण मी रत्नागिरीत रोज हेच रोग बघतो, आणि तुमच्या या गोड शब्दांचा हिशेब मला चुकवावा लागतो.

आपल्याकडे गोल आणि खाजणारं जे जे काही, ते गजकर्ण. आता नाण्यासारखा गोल इसबही असतो. सोरायसिसचा चट्टाही गोल असू शकतो. इसबावर स्टेरॉइडचं मलम हे औषध आहे. तेच गजकर्णावर चोपडलं की चार दिवस खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश. गजकर्ण ही बुरशी; स्टेरॉइडने तिथली प्रतिकारशक्ती दबते आणि ती आणखी पसरते. वर तिची ती ठसठशीत गोल कडच पुसून जाते, म्हणजे पुढच्या डॉक्टरलाही पटकन ओळखता येत नाही. आमच्या भाषेत 'टिनिया इन्कॉग्निटो', वेष पालटलेला टिनिया. जांघेत महिनोन्‌महिने स्टेरॉइड लावून कातडी कागदासारखी पातळ झालेली, त्यावर चिरे उमटलेले, अशी विशीतली पोरं येतात. सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "गजकर्ण आहे, मलम लावतोय."

नागिणीचं तर विचारूच नका. ती कांजिण्यांच्याच विषाणूची करणी. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि उतारवयात वगैरे त्या एका तंतूच्या पट्ट्यात उगवतो. म्हणून ती सहसा अंगाच्या एकाच बाजूला येते. पण नाव नागीण, त्यामुळे तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला, ही भीती. मग गेरू लावा, उतारा काढा. विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर त्यांचा खरा फायदा, आणि ते 72 तास गेरूत जातात. ग्रीकाच्या कंबरपट्ट्याला कोणी घाबरून मांत्रिकाकडे जात नाही, मास्तर. फरक आहे तो एवढाच.

सोरायसिसला तर मराठीत सर्वांना कळेल असा शब्दच नाही. वरच्या थरातली पेशी तळातून पृष्ठभागावर यायला साधारण महिनाभर घेते, सोरायसिसमध्ये ती काही दिवसांतच येते, म्हणून ते चंदेरी पापुद्रे. त्याला इसब म्हणणं चूक. लोक डायबेटिस शिकले, बीपी शिकले, टिनियाही शिकतील.

तळकोकणी मास्तर
टिनिया म्हणजे लॅटिनमध्ये अळी, कसर. इंग्रजीत त्यालाच वर्तुळातला किडा म्हणतात. तुम्हीच सांगताय ती बुरशी आहे. म्हणजे खोटं नाव तुम्ही शिकवणार आणि हत्तीच्या कानासारखं खरबरीत दिसतं असं खरं बोलणारं माझं नाव मोडीत! नागिणीपुरता मात्र मुद्दा लागला, नाकारत नाही.

काउंटरमागून
देवगड भागात औषधांचं दुकान आहे. खरं सांगू? आमच्याकडे येऊन कोणी दद्रू म्हणत नाही, टिनिया म्हणत नाही आणि गजकर्णही म्हणत नाही. "ती गेल्या वेळची ट्यूब द्या", बस. नाव काय, तर झाकणाचा रंग. त्या ट्यूबमध्ये एक बुरशीचं औषध, एक जंतूंचं आणि वरून जोरदार स्टेरॉइड, अशी भेळ असते. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही हे मला ठाऊक आहे, आणि सुरुवातीची काही वर्षं मी दिलीही आहे. तुम्ही शब्दांवर भांडताय, ट्यूबच्या खोक्यावर मराठीत एक ओळ लिहून घ्या आधी. पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत, ओल्याच चड्ड्या घातल्या जातात, सगळ्या घराचा टॉवेल एकच. बुरशीला आणखी काय हवं?

बोंडू
आमी काजी फोडतंव. काजीच्या सालीतला तेल हाताक लागला की चामडी काळी पडता, मगे सालां निघतत. खोबरेल लावन राखेत हात बुडवतंव, तरी खाता ता खाताच. डॉक्टरान चिठ्ठीवर लिवल्यान 'काँटॅक्ट डर्मटायटिस' आणि सांगल्यान काँटॅक्ट टाळा. काजीचो काँटॅक्ट टाळलो तर आमी खातलंव काय? नावाचा काय ता तुमी बघा.

मिऱ्याबंदरचा चामडीवाला
बोंडू, हे लागलं मला. काजू, बिब्बा, आंबा ही एकाच कुळातली झाडं. तिघांच्या तेलात आणि चिकात एकमेकांच्या जवळची द्रव्यं आहेत, म्हणून काजूने हात खाल्लेल्या माणसाला हापूसचा चीकही जास्त उततो. हातमोजे घातल्यावर गर नीट हाताळता येत नाही, हेही माहीत आहे. आणि बघा, लिहिताना मीच 'उततो' लिहून गेलो.

अनुपान
वैद्य आहे, सावंतवाडी परिसरात. संस्कृत नावांची इथे थट्टा चालली आहे म्हणून लिहितो. चरकाने कुष्ठाचे 18 प्रकार सांगितले, सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं. दद्रू, पामा, विचर्चिका, किटिभ त्यातलेच. तिथे कुष्ठ म्हणजे आजचा कुष्ठरोग नव्हे, त्वचेच्या विकारांचं ते मोठं घर आहे. ही व्यवस्था शेकडो वर्षं वापरात आहे. ती टाकून प्रत्येक वाडीने आपापला शब्द धरला तर मालवणचा रोगी चिपळूणला गेल्यावर काय करील? परिभाषा सगळ्यांना सारखी हवी. माझ्या मते फलकावर 'दद्रू (गजकर्ण)' असं दोन्ही लिहावं.

काउंटरमागून
वैद्यबुवा, चरकाने दद्रू क्षुद्रांत घातला आणि सुश्रुताने महाकुष्ठांत, हे कॉलेजात असताना पाठ केलं होतं. त्या दोघांचंच जमलेलं नाही, सारखेपणा कुठला?

अनुपान
मतभेद आहेत म्हणूनच ते शास्त्र आहे. असो.

गुहागरची माहेरवाशीण
बरेच दिवस हा धागा वाचतेय, लिहायचं नव्हतं. वैद्यबुवा, तुमचं ते मोठं घर मी आतून पाहिलंय. नवव्या वर्षी माझ्या कोपरावर पांढरा चट्टा आला, मग पापण्यांवर, मग बोटांच्या टोकांना. कुणीतरी कागदावर लिहून दिलं 'श्वेतकुष्ठ'. लिहिणाऱ्याच्या मनात तुमचा तो विशाल अर्थ असेलही. गावात पोचला तो एकच. शाळेत माझा डबा वेगळा झाला. पुढे माझ्या धाकट्या बहिणीची दोन स्थळं 'त्यांच्यात कुष्ठ आहे' या वाक्यावर परत गेली.

आणि मास्तर, तुमच्या यादीत 'कोड' आहे. तो कुष्ठाचाच घासून गुळगुळीत झालेला शब्द. हिंदीत तोच 'कोढ' म्हणजे महारोग. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होतात, एवढंच माझ्या कातडीचं झालंय. स्पर्शाने पसरत नाही, दुखत नाही. तुम्हाला आजीचे शब्द प्रेमाचे वाटतात कारण ते तुम्हाला कोणी मारून फेकलेले नाहीत. मला व्हिटिलिगो हवा. परका आहे, कोरा आहे, त्याला कसलाच वास नाही. डॉक्टरांनी पहिल्यांदा तो उच्चारला तेव्हा मला जरा श्वास घेता आला.

तळकोकणी मास्तर
ताई, यादीतून 'कोड' काढला. आत्ता, लगेच.

घरोघरी फिरलेला
ताईंचं दुःख समजतं, तरी एक टोचणारं बोलतो. कुष्ठरोगाच्या कामात माझी सगळी नोकरी झाली, रायगड आणि रत्नागिरीत वाड्या-वाड्या चाललो. 'मला कुष्ठ नाही, मला वेगळं म्हणा' यात ज्याला खरोखर कुष्ठ आहे तो आणखी एक पायरी खाली ढकलला जातो. हॅन्सेन नावाच्या डॉक्टरने 1873 साली नॉर्वेत त्याचा जंतू दाखवला, तेव्हापासून तो शाप नाही, जंतूंचा आजार आहे. एमडीटीच्या, म्हणजे एकत्र द्यायच्या अनेक औषधांच्या, गोळ्या सहा महिने किंवा वर्षभर, मोफत, आणि माणूस बरा. तरी कुष्ठरोग्यांना वेगळं ठेवणारा 1898 चा लेपर्स अ‍ॅक्ट आपण 2016 पर्यंत पुस्तकात ठेवला, आणि 2019 पर्यंत कुष्ठ हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं. शब्द बदलून हे गेलं नाही. महारोग म्हटलं, रक्तपिती म्हटलं, कुष्ठ म्हटलं, लोक नव्या शब्दालाही तितकेच लांब उभे राहिले.

आम्ही घरी गेल्यावर रोगाचं नाव घेतच नसू. विचारायचो, "अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, जो खाजत नाही, दुखत नाही, आणि शिवलं तर तिथे कळत नाही?" म्हातारी लुगड्याचा काठ सरकवून दाखवायची. नाव घेतलं असतं तर दार लागलं असतं. फलकावर रोगांची नावं लिहायचीच कशाला? दिसतं काय, होतं काय, ते लिहा.

गुहागरची माहेरवाशीण
टोचलं, पण बरोबर टोचलं. कोणाला खाली ढकलायचं नव्हतं.

मिऱ्याबंदरचा चामडीवाला
लक्षणं लिहा, मान्य. म्हणजे मी माझी टिनियाची शिकवणी बंद करतो. पण तिथेही सांभाळा. आमच्या आधीच्या फलकाच्या नमुन्यात 'पायावर व्रण असल्यास दाखवा' अशी एक ओळ मीच घातली होती. कोशात व्रण म्हणजे न भरलेली, चिघळलेली जखम. लोकांच्या तोंडी व्रण म्हणजे जखम भरल्यावर राहते ती खूण. गेल्या शिबिरात याच शब्दाने एक आजोबा आले, चेहऱ्यावर देवीचे व्रण घेऊन. देशातली शेवटची देवी 1975 सालची. आजोबांना देवी येऊन गेल्याला साठ वर्षं झाली असतील. म्हणाले, "लिवलास म्हणान इलंय." त्यांना काय सांगणार? रक्तदाब तपासला आणि चहा दिला.

अनुपान
संस्कृतात व्रण म्हणजे जखमच. लोकांनी अर्थ बदलला.

काउंटरमागून
लोकांनाच शिबिराला बोलवायचंय ना, की पाणिनीला?

तळकोकणी मास्तर
बरं, पेंटर उद्या सकाळी येतोय आणि पत्र्यावर आठच ओळी बसतात. आत्तापर्यंत ठरलं ते असं:

"गोल, कडेला लाल, खाजणारं गजकर्ण, मलम लावूनही परत येणारं असेल तर ट्यूब सोबत आणा. रात्री घरातल्या सगळ्यांना खाज सुटते का? बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. काजू, बिब्बा, आंब्याचा चीक उतलेले हात. पांढरे पापुद्रे निघणारे चट्टे (सोरायसिस असू शकतो). अंगाच्या एका बाजूला पट्ट्याने आलेले, आग होणारे फोड: शिबिराची वाट बघू नका, आजच डॉक्टरकडे जा. शिवलं तरी न कळणारा चट्टा. अंगावर पांढरे डाग."

नागीण हा शब्द गाळलाय डॉक्टरसाहेब, मनावर दगड ठेवून. काकी म्हणते दगड ठेवलास ता बरा केलंस, पण कंसात तरी लिही, नाहीतर कळणार कोणाला?

गुहागरची माहेरवाशीण
मास्तर, डाग नको. डाग धुवायचे असतात, आणि लागतातही. 'पांढरे चट्टे' करा.

मिऱ्याबंदरचा चामडीवाला
कंसात 'नागीण' चालेल. काकींचं बरोबर आहे. पण त्याखाली लहान अक्षरात 'तोंड-शेपूट जुळत नाही' असं लिहिता आलं तर बघा.

तळकोकणी मास्तर
चट्टे केले. शेपटीला जागा नाही, तोंडी सांगू.

बोंडू
ह्या सगळा ठीक. पण शिबीर खयच्या वारी? आमची फॅक्टरी फकत आयतवारी बंद असता. बुधवारी ठेवल्यात तर उतलेले हात घेवन कोण येतला?