जुन्या मिआटात अपग्रेड करायचेत, पण मायलेज घालवायचं नाही: सुरुवात कुठून करावी?

चिपळूण_ते_शार्लट:
१९९० ची माझदा मिआटा ही छोटी स्पोर्ट्स कार घेतलीय, १.६ लिटर इंजिनवाली, पाच गिअर, इथे अमेरिकेत शार्लटला. रोज ऑफिसला हीच नेणार त्यामुळे मायलेज मला खरंच महत्त्वाचंय, सध्या गॅलनला २६ मैल देते म्हणजे लिटरला ११ किमीच्या आसपास. इथले मित्र सांगतात इन्टेक (हवा आत घेणारा भाग), हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या), एक्झॉस्ट, सगळे तिथूनच सुरू करतात. मला नाही पटत. ११६ हॉर्सपॉवर आणि टनाच्या आतलं वजन, या गाडीची मजा वळणात आहे, तर पहिला पैसा टायर, सस्पेन्शनचे रबरी बुश आणि चाकांच्या अलाइनमेंटवर जायला हवा. पॉवरचं नंतर बघू. तुमचं काय मत?

बूस्टवाला:
अजिबात सहमत नाही. मऊ, चिकट टायर टाकलेस की रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) वाढतो, म्हणजे जे मायलेज वाचवायला निघालास तेच आधी जाणार. त्यापेक्षा इंजिनाला मोकळा श्वास घेऊ दे. या १.६ मध्ये आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो मीटरचं दार असतं, हवा त्यालाच अडते, हेडर आणि एक्झॉस्टने ताकद वाढली की तोच वेग कमी थ्रॉटलवर (हवेची झडप कमी उघडून) मिळतो.

स्पॅनर:
बूस्टवाला, टायरचा मुद्दा बरोबर आहे तुझा पण दुसरा चुकीचा आहे. हायवेला एका वेगात चालवताना थ्रॉटल जेमतेम उघडं असतं, हवा तिथेच अडवलेली असते, मग मागेपुढे कितीही मोकळं केलं तरी पेट्रोलमध्ये फरक पडणार कुठून? पूर्ण दाबल्यावर पॉवर वाढेल, मायलेज नाही. आणि कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) उघडा बसवला तर तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, त्यापेक्षा कंपनीचा फिल्टरचा डबा बरा.
माझं म्हणणं, अपग्रेडच्या आधी गाडी मूळ तब्येतीवर आण. मागच्या ब्रेक कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणारा भाग) स्लाइड पिना अडकतात या गाड्यांत, ब्रेक सतत घासत राहतो आणि मालकाला पत्ता नसतो. एक चक्कर मारून ये, चारही चाकांजवळ हात ने, एखादं जास्त तापलेलं असेल तर तिथेच पेट्रोल जातंय. थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान सांभाळणारी कूलंटची झडप) उघडा अडकला असेल तर इंजिन गारच राहतं आणि पेट्रोल जास्त सोडतं. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर जुना असेल तर बदल, प्लगच्या वायरी पण.

सावकाश_पुणे:
मायलेज बघायचं तर स्पोर्ट्स कार कशाला घ्यायची? वीकेंडची गाडी वीकेंडलाच चालवावी.

चिपळूण_ते_शार्लट:
@सावकाश_पुणे, मला नुसती झाकून ठेवायला गाडी नकोय हो. रोजच्या रस्त्यावर जी गाडी आनंद देते तीच मला हवी, आणि रोज चालवायची तर टाकीचा हिशोब आलाच.

घाटरस्ता:
कोणीच डिफरन्शियलबद्दल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) बोललं नाही. तुझ्या गाडीत त्याचा ४.३ चा रेशो आहे, ताशी ११२ किमीच्या स्पीडला पाचव्या गिअरमध्ये इंजिन ३६०० आरपीएमच्या आसपास फिरतं. ९४ पासूनच्या १.८ लिटरवाल्या मिआटाचं टॉर्सनवालं (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) ४.१ चं डिफ बसतं, सोबत अॅक्सल शाफ्ट आणि प्रॉपेलर शाफ्टचं पण बघावं लागतं. आरपीएम दीडपावणेदोनशेने उतरतात, वळणातून बाहेर पडताना पकड सुधारते आणि पुढे कधी टर्बो टाकलास तरी तुटायची भीती कमी. मायलेज आणि मजा दोन्हीला उपयोगी पडेल असं अपग्रेड मला हे एकच दिसतं.

बूस्टवाला:
आणि पिकअपचं काय? १.६ चपळ वाटते ती त्या ४.३ मुळेच, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा जोर घालवून दोनशे आरपीएम वाचवायचे हा सौदा मला मान्य नाही. त्यापेक्षा इग्निशन टायमिंग (प्लगची ठिणगी किती आधी पडते ते) १० डिग्रीवरून १४ वर ने, फुकटात होतं, खालचा टॉर्क सुधारतो.

स्पॅनर:
फुकटात कसं? या इंजिनाला नॉक सेन्सर (इंजिनातली ठोक ओळखणारा) नाही, ८७ ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलवर १४ डिग्री ठेवून उन्हाळ्यात चढाला इंजिन ठोकायला लागलं तर टायमिंग स्वतःहून मागे येणार नाही. मग ९१-९३ चं महाग पेट्रोल भरा, म्हणजे मायलेज तेवढंच राहिलं तरी खिशातून जास्तच जाणार.

चिपळूण_ते_शार्लट:
मग आधी कॅलिपर, थर्मोस्टॅट, सेन्सर. नंतर १५ इंची हलके व्हील आणि १९५/५० टायर, उंची मूळ १४ इंचीइतकीच राहते म्हणून मीटर पण चुकत नाही, टायरच्या रबराचं कंपाउंड मात्र रोजच्या वापराचं घेईन, तेवढं बूस्टवाल्याचं ऐकतो. डिफ चांगल्या भावात मिळालं तर टाकणार. हेडरला माझा अजून नकारच आहे. टायमिंग बेल्ट लवकरच बदलायचाय, तेव्हा वॉटर पंप पण.

बूस्टवाला:
हेडरवर आपलं नाही जमणार, ठीक आहे. पण बेल्टला हात लावायच्या आधी क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या टोकावरची चकती) खाचा मोज. चार असतील तर आखूड टोकाचा क्रँक आहे, ९० आणि ९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत तो असतो, बोल्ट नीट टॉर्कने आवळला नाही तर पुली अडवून धरणाऱ्या चावीची (की) खाच झिजते आणि क्रँकच जातो. आठ असतील तर लांब टोकाचा, काळजी नाही. मोजून इथे सांग, मग पुढचं बोलू.