मदत हवी आहे : ग्रहणाची वेळ बेळगावसाठी कशी काढायची?

नमस्कार मंडळी, पुतणी आठवीला आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ग्रहणाचं काहीतरी करायचं म्हणून हट्ट धरून बसलीय आणि मी टिळकवाडीत तीन दिवस डोकं खाजवतोय. सारोसपर्यंत कळलं, म्हणजे 18 वर्षं 11 दिवस 8 तासांनी तसलंच ग्रहण परत, 22 जुलै 2009 ला सुरतेवरनं गेलेलं खग्रास आता 2 ऑगस्ट 2027 ला, पण त्या वरच्या 8 तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते म्हणून ते स्पेन, इजिप्तकडं सरकतंय, आपल्याला नुसतं खंडग्रास. हे लिंबू न टॉर्च घेऊन तिला पटवलंसुद्धा.

पुढं गाडी अडली. 26 डिसेंबर 2019 ला मंगळूरला कंकण दिसलं, आमच्या अंगणात चाळणीखाली सूर्याच्या नुसत्या चंद्रकोरीसारख्या कोरी पडलेल्या. हा फरक आकड्यात कसा आणायचा? बेसेल नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या पद्धतीत म्हणे पृथ्वीच्या मध्यातनं चंद्राच्या सावलीला आडवा कागद धरल्यासारखं करायचं आणि सावली त्यावर कुठं, केवढी ते वेळेनुसार मांडायचं. बरं, पण बेळगाव (15.85 उत्तर, 74.5 पूर्व) त्या कागदावर उतरवायचं कसं? आपली अडीच हजार फूट उंची धरायची की सोडायची? आणि तो डेल्टा टी, म्हणजे गणितातली एकसारखी वेळ आणि पृथ्वीच्या फिरण्यावरची घड्याळाची वेळ यांतला फरक, साधारण 69 सेकंद, वजा करायचा की मिळवायचा?

एक्सेलमध्ये कुणी केलंय का? पंचांगातली वेळ नको, ती काकू सांगतातच. कन्नडमधलं असलं तरी चालतंय, वाचता येतं की.