संमती, सहमती की रुकार?

इंदूर: एक हिंदी पत्रक मराठीत करून द्यायचंय. विषय जंगलातल्या कार्बन प्रकल्पांचा, म्हणजे झाडं राखायची, त्यांनी धरलेल्या कार्बनचे क्रेडिट विकायचे (दुसरीकडे धूर सोडणारे ते विकत घेतात), आणि त्याआधी तिथल्या आदिवासींना विचारायचं. मी लिहिलं 'मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण सहमती', तर आई म्हणे, माहितीपूर्ण तर लेख असतो ना गं, सहमती कशी असेल?

ग्वाल्हेर: काकूंचं बरोबर आहे. ताई, आधी 'सहमती' काढा, हिंदीमुळे ती आपल्या तोंडात बसलीय पण मराठीत सहमती म्हणजे चौघांचं एकमत, मागायची असते ती संमती. 'मंजुरी' तर नकोच, ती साहेब देतो. 'मुक्त'ऐवजी 'दबावाशिवाय' लिहा, फ्री लिहिलंत तर लोक फुकट समजतील :) संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासींच्या हक्कांवरच्या २००७ च्या जाहीरनाम्यात ही अट आहे, भारतानं बाजूनं मत दिलं होतं.

बडोदा: आमची आजी 'रुकार' म्हणायची. मुलीचा रुकार आधी घ्यायचा, पत्रिका छापून झाल्यावर विचारलं तर त्याला काय अर्थ, 'पूर्व' म्हणजे तेच. आणि रुकार मागितला की नकारही ऐकून घ्यावा लागतो. ओडिशात नियमगिरीला सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून २०१३ मध्ये १२ ग्रामसभा झाल्या, बाराही नाही म्हणाल्या. तो मामला बॉक्साइट खाणीचा होता, पण शब्दाचा अर्थ तिथे कळतो.

इंदूर: रुकार आवडला पण पत्रकात फार घरगुती वाटेल, 'समजून-उमजून, आधीच दिलेली संमती' करते. अजून एक, २००६ च्या कायद्याला हिंदीत 'वन अधिकार', मराठीत 'वनहक्क'. हक्कच ठेवू ना? अधिकार म्हटलं की जीपमधून उतरणारा अधिकारीच दिसतो.

ग्वाल्हेर: हक्कच. आणि 'हक्क दिले' लिहू नका, 'मान्य केले' लिहा, कायद्याच्या पूर्ण नावातच मान्यता आहे, म्हणजे हक्क आधीपासूनचेच. 'निस्तार', म्हणजे गावानं रोजच्या गरजा जंगलातून भागवणं, आला असेल तर त्याचं 'वापर' करू नका हं, कलम ३ मध्येही निस्तारच आहे. सरपण, चराई सगळं त्यात येतं, आणि प्रकल्पात पहिली गदा त्याच्यावरच यायची भीती असते.

इंदूर: अरे देवा, मी वापरच केलं होतं, बदलते. आता आई विचारतेय क्रेडिटचं काय, आमच्या किराणावाल्याकडे क्रेडिट म्हणजे उधारी.