हिमालयन मोटारसायकलचे पुढचे शॉकअप ‘टी’मधून (पाइप धरणाऱ्या क्लॅम्पमधून) वर घ्यावेत का? (यवतेश्वर घाट) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सातारचा, गाव बामणोलीच्या अंगाला. दर शनिवारी आईला मागे बसवून गावी जातो, रविवारी संध्याकाळी परत. म्हणजे आठवड्याला दोनदा यवतेश्वरचा घाट आणि कासचा रस्ता. गाडी २०१८ची हिमालयन ४११, ५२ हजार किलोमीटर झालेली.

अडचण अशी की गाडी वळणात शिरायलाच मागत नाही. सरळ रस्त्यावर रेल्वेसारखी चालते, पण घाटातल्या आवळलेल्या वळणावर हँडल चांगलं दाबावं लागतं, आणि तरी ती बाहेरच्या बाजूला जाते. आई मागे असली की जास्तच. गेल्या महिन्यात उतरताना अशीच मधल्या पट्ट्यावर गेली आणि समोर मुक्कामाची एसटी. चालकाने वेळेवर ब्रेक लावला म्हणून निभावलं. आई काही बोलली नाही, पण घरी येईपर्यंत तिने माझा शर्ट सोडला नव्हता. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

गॅरेजमध्ये विचारलं तर म्हणाले, "शॉकअप टीमधून २५ मिमी वर घेऊन टाकू, गाडी सायकलसारखी वळेल." तत्त्व मला कळतं. पाइप वर सरकले की गाडीचं तोंड खाली येतं, हँडलचा दांडा थोडा उभा होतो, ट्रेल (दांड्याची रेघ खाली वाढवली तर जमिनीला जिथे लागेल तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो आणि गाडी लवकर वळते. कागदावर मांडून पाहिलं. व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १४६५ मिमी धरला तर १० मिमीला दांड्याच्या कोनात साधारण ०.३५ अंश आणि ट्रेलमध्ये अडीच मिमीच्या आसपास फरक येतो. आकडा बारका वाटतो, पण २५ मिमी म्हणजे त्याच्या अडीचपट, आणि मला हायवेनं कराडलाही जावं लागतं. तिथे हँडल थरथरायला लागलं तर?

विचारायचं एवढंच की कितीपर्यंत वर घेणं सुरक्षित आहे, आणि घरी करता येईल का? मेन स्टँड आहे, पाने आहेत, टॉर्क पाना मित्राकडून मिळेल.

प्रतिसाद (कराडहून)

आधी कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) बघा. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हलक्या हाताने फिरवा. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर कोनसेट गेला. जास्त आवळला असेल तरी गाडी अशीच जड वळते. आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. २१ इंची चाकात हवा कमी असली की हँडल लगेच जड होतं.

प्रतिसाद (सांगलीहून)

दादा, २५ मिमी अजिबात घेऊ देऊ नका. निदान आत्ता तरी.

तुमच्या लिहिण्यात एक वाक्य आहे, "आई मागे असली की जास्तच." सगळी मेख तिथे आहे. मागे वजन आलं की शेपूट खाली बसते आणि तोंड वर जातं. शॉकअप वर घेऊन तुम्हाला जे मिळवायचंय, त्याच्या बरोबर उलटं तुमची गाडी दर शनिवारी करतेय. त्यामुळे दुखणं पुढे दिसतंय, पण बहुधा ते मागचं आहे.

मोजून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी लटकू द्या आणि एक्सलच्या मध्यापासून सरळ वर शेपटीवरच्या एका ठरावीक खुणेपर्यंत माप घ्या. मग गाडी स्टँडवरून काढा, आईला बसवा, नेहमीचं सामान बांधा, तुम्हीही बसा आणि तिसऱ्या माणसाला तेच माप घ्यायला सांगा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा सॅग. मागचा प्रवास (चाक वर-खाली जितकं हलू शकतं ते अंतर) १८० मिमी आहे, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास सॅग असावा. जास्त असेल तर हूक पान्याने मोनोशॉकचा (मागच्या एकट्या शॉकअपचा) प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते, वाढवा.

एवढं करूनही जड वाटली तर मगच पुढे हात घाला. तेव्हाही एका वेळी ५ मिमी, आणि १० च्या पुढे नको. मेन स्टँडवर इंजिनाखाली जॅक द्या, पुढचं चाक जेमतेम टेकलेलं राहू दे. दोन्ही बाजूंचे बोल्ट एकदम ढिले केले तर गाडी धपकन खाली येईल, म्हणून एक पाय (एका बाजूचा शॉकअप) सरकवून आवळायचा, मग दुसरा. माप वरच्या टीच्या पृष्ठभागापासून पाइपच्या कडेपर्यंत व्हर्नियरने घ्यायचं आणि दोन्हीकडे ते सारखंच हवं. खालच्या टीचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा. ताकद लावून आवळले तर पाइप दाबला जातो आणि शॉकअप अडकत चालतो. शेवटी एक्सलचा क्लॅम्प ढिला करून गाडी चार-पाच वेळा पुढून दाबा आणि मगच तो आवळा. हँडल दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकची नळी, वायर कुठे ताणत नाही ना, तेही बघा.

एक गोष्ट सहसा कुणी बघत नाही. शॉकअपवरचं रबरी आवरण (बूट) वर सरकवून पाइपाला एक प्लास्टिकची पट्टी बांधा आणि खड्ड्यात जोरात ब्रेक मारून या. पट्टी कुठवर सरकली त्यावरून शॉकअप पूर्ण दबल्यावर खालचा टी आणि मडगार्ड यांच्यात किती जागा उरते ते कळतं. पाइप जितके वर घ्याल तितकी ती जागा कमी होणार.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कोनसेट ठीक निघाला, हवा मात्र पुढे ४ पीएसआय कमी होती.

आता माप. चाक लटकताना ६१२ मिमी. आई, मी आणि गावाकडे न्यायचं सामान (तांदळाचं पोतं धरून) चढवल्यावर ५२६. म्हणजे सॅग ८६ मिमी, जवळजवळ निम्मा प्रवास बसल्या बसल्याच संपत होता! प्रीलोड सगळ्यात सैल खाचेवर होता, गाडी घेतल्यापासून कुणी हातच लावला नव्हता. शेवटच्या खाचेवर नेल्यावर सॅग ६६ वर आला. मागून २० मिमी उचलली गेली.

प्रतिसाद (सांगलीहून)

बघा, मागून २० मिमी म्हणजे पुढचे शॉकअप बावीसेक मिमी वर घेण्याइतकंच झालं. वरून ते २५ घेतले असते तर दोन्ही मिळून ट्रेल इतका कमी झाला असता की हायवेवर हँडलने खरंच मान हलवली असती. आता सामान मागच्या कॅरियरवर न ठेवता टाकीच्या बाजूला बांधता आलं तर बघा. आणि हेडलाइट पुन्हा लावून घ्या. शेपूट उचलली म्हणजे झोत खाली आला असणार, कासच्या धुक्यात गवा उशिरा दिसेल.

धागाकर्ता

शनिवारी जाऊन आलो. पोतं एसटीने पाठवलं. हेडलाइट आदल्या रात्रीच भिंतीवर खूण करून लावला. यवतेश्वर उतरताना गाडी पांढऱ्या रेषेच्या आत राहिली, हँडल दाबावं लागलं नाही. एकटा असताना प्रीलोड दोन खाचा कमी करतो, नाहीतर खड्ड्यात मागून उसळते. कराड रस्त्यावर ८०-९० ला हँडल शांत आहे. शॉकअपला हात लावलेला नाही. आईने या वेळी घाटात शर्ट सोडून टोपली धरली होती.