मदत हवी आहे: सॅप क्लस्टरसाठी डिस्कची मांडणी

नमस्कार मंडळी. सुसे लिनक्सवर पेसमेकर (क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर: एक नोड, म्हणजे सर्व्हर, पडला की काम दुसऱ्यावर नेतं), त्यावर सॅप एस/4 हाना (कंपनीचे व्यवहार सांभाळणारी प्रणाली; हाना हा तिचा डेटाबेस). हानाचं गणित जमलंय: रॅम 256 जीबी, म्हणून लॉगला (बदलांच्या नोंदींना) 128 जीबी, शेअर्डला (हानाच्या प्रोग्राम वगैरे फायलींना) 256; सिस्टम रेप्लिकेशन (डेटाबेसची प्रत दुसऱ्या नोडवर सतत ठेवणं) असल्याने प्रत्येक नोडची डिस्क स्वतंत्र.

घोडं अडलंय ते एएससीएस (सॅपची मध्यवर्ती सेवा, लॉक आणि निरोप सांभाळणारी) आणि ईआरएसपाशी (त्या लॉकची प्रत ठेवणारी सेवा). दोघांचे माउंट (जोडलेल्या डिस्क) वेगवेगळे ठेवून क्लस्टरच्या ताब्यात द्यावेत, की एनएफएसवरून (नेटवर्कवरून फायली वाटून देणारा सर्व्हर) दोन्ही नोडवर कायमचे जोडून टाकावेत? मला दुसरा मार्ग बरा वाटतो, फेलओव्हरला (काम दुसऱ्या नोडवर जाताना) माउंट अडकण्याची भानगड नाही. पण सॅपएमएनटीही (सॅपच्या सामायिक फायलींचं फोल्डर) त्याच एनएफएसवर आहे. तो एकुलता एक सर्व्हर बसला तर क्लस्टर काय चाटायचाय? (साहेबांचं म्हणणं, ‘आहे तोच वापरा.’)

कुणी प्रत्यक्ष चालवलंय का? एनएफएसचीही जोडी कशी केलीत?